राखून ठेवलेले वर्ष : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील ‘रेडशर्ट’ प्रथेची घडण

अंडाकृती चेंडू काखोटीला मारून धावण्याचा आणि हाताने फेकण्याचा जो खेळ अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने चालतो, त्याच्या महाविद्यालयीन स्वरूपात खेळाडूच्या उमेदीची मोजणी वयाने नव्हे, तर हंगामांनी होते. महाविद्यालयात नाव दाखल झाल्यापासून पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळण्याची मुभा, असा तेथील पात्रतेचा नियम दीर्घकाळ चालत आला असून, त्यातून शिल्लक राहणारे पाचवे वर्ष कोठे खर्ची घालायचे, या प्रश्नाभोवती ‘रेडशर्ट’ नावाची प्रथा उभी राहिली. रेडशर्ट झालेला खेळाडू संघाबरोबर सराव करतो, शिष्यवृत्ती घेतो, वर्गात बसतो, परंतु मूळ प्रथेप्रमाणे सामन्यात उतरत नाही. त्यामुळे त्याच्या चार हंगामांपैकी एकही खर्च होत नाही. अंगी गुण असलेल्या प्रथम वर्षाच्या खेळाडूला असे वर्षभर मागे ठेवावे की पहिल्याच शनिवारी मैदानात उतरवावे, हा वाद प्रशिक्षकांत, प्राध्यापकांत आणि प्रेक्षकांत कित्येक दशके चालू आहे. तो नेहमी मुलाच्या हिताच्या भाषेत मांडला जातो : शरीर भरू द्यावे, अभ्यासाची घडी बसू द्यावी, घाई करू नये. प्रथेचा इतिहास पाहता मात्र असे दिसते की त्या राखून ठेवलेल्या वर्षावर हुकूम कोणाचा, हे काळागणिक बदलत गेले आणि वादाची उत्तरेही बहुतांशी त्या बदलाच्या मागोमाग चालत आली.

पात्रतेचे नियम मुळात आले ते खेळाडू जपण्यासाठी नव्हे, तर भाडोत्री खेळाडूंना अटकाव करण्यासाठी. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना हा अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानला जातो. त्यानंतरच्या तीन दशकांत हा खेळ विद्यार्थ्यांच्या हौसेतून निघून महाविद्यालयांच्या प्रतिष्ठेचा झाला, पण संघात कोण खेळू शकतो याला धरबंध राहिला नाही. आज एका महाविद्यालयाकडून, पुढल्या महिन्यात दुसऱ्याकडून खेळणाऱ्या फिरत्या खेळाडूंची एक जमातच तयार झाली होती. १८९६ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणारा फील्डिंग योस्ट हा दांडगा खेळाडू ऑक्टोबर महिन्यात अचानक पेनसिल्व्हेनियातील लाफायेट महाविद्यालयाचा विद्यार्थी झाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची ३६ सामन्यांची विजयमालिका तोडणाऱ्या लाफायेटच्या संघातून खेळला आणि लवकरच वेस्ट व्हर्जिनियात परतला. अशा व्यवहाराला तेव्हा कोणताही नियम आडवा येत नव्हता.

१९०५ च्या हंगामात या खेळाने सुमारे १८ जणांचा बळी घेतल्याच्या बातम्यांनी देशभर गदारोळ उठला आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढल्या वर्षी स्थापन झालेली संघटना १९१० मध्ये ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ म्हणजे एनसीएए या नावाने ओळखली जाऊ लागली. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १९०६ च्या जानेवारीत शिकागोत घडली. मध्यपश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांची ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ ही परिषद (हीच पुढे ‘बिग टेन’ झाली, परिषद म्हणजे आपापसांत नियमित सामने खेळणाऱ्या आणि समान नियम पाळणाऱ्या विद्यापीठांचा गट) मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स एंजेल यांच्या पुढाकाराने भरली, आणि तीत ठरले की विद्यार्थ्याने खेळण्यापूर्वी एक वर्ष महाविद्यालयात काढलेच पाहिजे, त्यानंतर त्याला तीनच हंगाम मिळतील, आणि हंगामात पाचच सामने होतील. वर्षभर वर्गात बसून उत्तीर्ण झालेला मुलगा खरा विद्यार्थी असणार, भाड्याने आणलेला नसणार, असा त्यामागचा साधा तर्क होता. गंमत अशी की या नियमांना सर्वाधिक कडवा विरोध ज्याने केला, तो तेव्हा मिशिगनचा प्रशिक्षक असलेला योस्टच होता. तीन हंगामांची मर्यादा आधीपासून खेळणाऱ्यांनाही लागू करण्यावरून तंटा वाढला आणि १९०८ च्या आरंभी मिशिगनने परिषद सोडली, ती १९१७ पर्यंत.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला, ज्याला अमेरिकेत ‘फ्रेशमन’ म्हणतात, मुख्य संघाबाहेर ठेवण्याची पद्धत हळूहळू बहुतेक मोठ्या विद्यापीठांत रुळली. त्यांच्यासाठी वेगळा संघ, वेगळा प्रशिक्षक आणि चार-पाच सामन्यांचे वेगळे वेळापत्रक असे. १९०५ साली हार्वर्डच्या अशाच फ्रेशमन संघात रूझवेल्ट यांचा थोरला मुलगा खेळत होता आणि येलच्या फ्रेशमनांशी झालेल्या सामन्यात त्याचे नाक फुटले होते, म्हणजे कोवळ्या मुलांना जपण्याचा हेतू त्या वेगळ्या संघांतून कितपत साधत होता, हे वेगळे सांगायला नको. या व्यवस्थेचा अतिरेक सर्वांत ठळकपणे दिसला तो फुटबॉलमध्ये नव्हे, तर बास्केटबॉलमध्ये : नोव्हेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा, म्हणजे यूसीएलएचा, मुख्य संघ सलग दोनदा राष्ट्रविजेता ठरलेला होता, आणि त्याला त्याच विद्यापीठाच्या फ्रेशमन संघाने ७५–६० असे हरवले, कारण त्या पोरसवदा संघात लू अल्सिंडॉर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, होता. नियमाने त्याला त्या वर्षी मुख्य संघातून एकही सामना खेळता आला नाही. देशातला सर्वांत चांगला संघ कोणता, हे त्या हंगामात मैदानावर ठरूच शकले नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

या व्यवस्थेत पहिले वर्ष सर्वांचेच सक्तीने मागे पडत असल्यामुळे ‘रेडशर्ट’ ही गोष्ट आरंभी प्रथम वर्षाशी निगडित नव्हतीच. ती दुसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षाची बाब होती. तिचा उगम परंपरेने नेब्रास्का विद्यापीठात १९३७ साली सांगितला जातो. त्या वर्षी बिफ जोन्स हे नवे प्रशिक्षक आले होते, आघाडीच्या फळीत अनुभवी खेळाडूंची दाटी होती, आणि वॉरन आल्फसन या तरुणाने स्वतःच विनंती केली की आपल्याला या हंगामात सामन्यांत न घेता केवळ सराव करू द्यावा, म्हणजे एक वर्ष वाया न जाता पुढे वापरता येईल. विनंती मान्य झाली. सरावात तो क्रमांक नसलेला लाल सदरा घालून उतरे, त्यावरून पुढे हे नाव पडले. आल्फसनचा हिशेब चुकला नाही. १९४० मध्ये तो देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत गणला गेला आणि १ जानेवारी १९४१ रोजी नेब्रास्काचा संघ आपल्या इतिहासात प्रथमच रोझ बोल या मानाच्या सामन्यात उतरला. स्टॅनफर्डकडून तो २१–१३ असा हरला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की वर्ष राखण्याचा निर्णय खेळाडूचा होता आणि प्रशिक्षकाने त्याला संमती दिली होती. पुढल्या पन्नास वर्षांत हा क्रम पुरता उलटा झाला.

उलटा होण्यामागे दोन कारणे होती. एक म्हणजे बदली खेळाडूंचा नियम. पूर्वी अकरा खेळाडू आक्रमणही करत आणि बचावही. बाहेर गेलेला खेळाडू सहजासहजी परत येऊ शकत नसे. १९४१ मध्ये बदलीवरील बंधने सैल झाली, तेव्हा आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी, अशी दुहेरी रचना शक्य झाली. १९५३ मध्ये ती मोडून काढण्यात आली आणि १९६४–६५ च्या सुमारास नियम पुन्हा इतके मोकळे झाले की ती कायमची स्थिरावली. अकरांऐवजी बावीस मुख्य खेळाडू, त्यांच्यामागे तितकेच पर्यायी, शिवाय लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगांसाठी वेगळे : संघ शंभरावर गेले, आणि शंभरातल्या चाळीस-पन्नास जणांना वर्षभर करण्यासारखे काहीच उरले नाही. दुसरे कारण शिष्यवृत्तीचे. क्रीडाकौशल्यावर शिष्यवृत्ती देणे एकदा रीतसर मान्य झाल्यावर खेळाडूचे पाचवे वर्षही विद्यापीठाच्या खर्चाने चालू लागले, आणि जो खर्च करतो तोच वर्ष कोणते वापरायचे ते ठरवू लागला. आल्फसनने मागून घेतलेली सवलत अशा रीतीने प्रशिक्षकाच्या हातचे साधन झाली.

प्राध्यापकवर्गाला हे रुचले नाही. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असताना केवळ खेळासाठी मुलाला पाच वर्षे अडकवणे म्हणजे शिक्षणसंस्थेने उघड उघड खेळाची चाकरी पत्करणे, असा आक्षेप होता आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. बिग टेनने या प्रथेला दीर्घकाळ थारा दिला नाही. हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीगने तर ती आजतागायत मान्य केलेली नाही, आणि तेथे ज्याला वर्ष वाचवायचे असेल त्याला महाविद्यालयातूनच काही काळ रजा घ्यावी लागते. त्याच आयव्ही लीगने फुटबॉलच्या मुख्य संघात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो थेट १९९३ मध्ये, म्हणजे देशातील इतर विद्यापीठांनंतर दोन दशकांनी.

ती इतर विद्यापीठे १९७२ मध्ये बदलली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुले सैन्यात गेल्यामुळे फ्रेशमनांवरील बंदी तात्पुरती उठली होती, पण युद्ध संपल्यावर ती परत आली. १९६८ मध्ये एनसीएएने फुटबॉल आणि बास्केटबॉल वगळता अन्य खेळांत ती काढली, आणि १९७२ च्या हंगामापासून या दोन खेळांतही काढली. निर्णयामागे तत्त्वापेक्षा खर्चाचा विचार अधिक होता, कारण फ्रेशमन संघ म्हणजे वेगळे प्रशिक्षक, वेगळा प्रवास, वेगळी सामग्री. बंदी उठताच जे घडले ते नियम करणाऱ्यांनाही चकित करणारे होते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आर्ची ग्रिफिनने आपल्या पहिल्या सामन्यात एकदाच चेंडू घेतला आणि तोही हातातून सोडला. दुसऱ्या सामन्यात, नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध, त्याने २३९ यार्ड धाव घेऊन विद्यापीठाचा विक्रम मोडला. हा खेळाडू पुढे १९७४ आणि १९७५ मध्ये हाइझमन करंडकाचा, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मानाचा, मानकरी ठरला, आणि तो दोनदा मिळवणारा आजही तो एकटाच आहे. १९७२ मध्ये ११ पैकी १० सामने हरलेल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने पुढल्याच वर्षी प्रथम वर्षाच्या टोनी डॉर्सेटला मैदानात उतरवले. त्याने दीड हजारांहून अधिक यार्ड धाव घेतली, संघ निम्मे सामने जिंकला, आणि डॉर्सेटच्या चौथ्या वर्षी, १९७६ मध्ये, पिट्सबर्ग अपराजित राष्ट्रविजेता झाला. १९८० मध्ये जॉर्जियाच्या हर्शेल वॉकरने तर पहिल्याच वर्षी १,६१६ यार्डांसह आपल्या विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. हे तिघेही चेंडू घेऊन धावणारे ‘रनिंग बॅक’ होते, हा योगायोग नाही. या जागेवर नजर, वेग आणि धाडस पुरते, ते अठराव्या वर्षीही असते, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या धडका खाऊन शरीर लवकर झिजते. अशा खेळाडूला वर्षभर बसवणे हा सरळसरळ तोटा आहे, याबद्दल १९८० नंतर फारसे दुमत राहिले नाही.

आघाडीच्या फळीतील खेळाडूची गोष्ट नेमकी उलट. क्वार्टरबॅकचे, म्हणजे संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूचे, रक्षण करणाऱ्या या पाच जणांना समोरच्या वजनदार माणसाला जागच्या जागी अडवायचे असते. शाळेतून आलेला मुलगा उंचीने पुरेसा असला तरी चार वर्षे वजने उचललेल्या बावीस वर्षांच्या गड्यासमोर टिकत नाही. नेब्रास्काने १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना शरीरबल वाढवण्याच्या प्रशिक्षणासाठी नेमले, आणि पगारी ‘स्ट्रेंग्थ कोच’ ही महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील नवी नोकरी तेथून रूढ झाली. रेडशर्टचे वर्ष म्हणजे व्यायामशाळेचे वर्ष, हे समीकरण त्यानंतरचे. त्याआधी राखलेल्या वर्षात खेळाडूच्या अंगी फारसे काही भरत नसे. तो फक्त आपली पाळी येण्याची वाट पाही.

त्या वर्षाचा दिनक्रम जवळून पाहिला तर प्रथेची दुसरी बाजू कळते. रेडशर्ट खेळाडू बहुधा ‘स्काउट टीम’मध्ये असतो, म्हणजे येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या दुय्यम तुकडीत. मंगळवारी-बुधवारी सरावात एक सहायक प्रशिक्षक प्रतिस्पर्ध्याच्या डावांच्या आकृत्या काढलेली मोठी पुठ्ठ्याची पाने हातात धरतो; मुले गोलात उभी राहून आपापली खूण पाहतात, रांगेत जातात आणि तो डाव मुख्य संघासमोर खेळून दाखवतात, पुन्हा गोलात येतात, पुन्हा नवे पान. ज्याला प्रतिस्पर्ध्याच्या नामांकित खेळाडूची भूमिका करायची असेल, त्याच्या अंगावर कधी कधी त्या खेळाडूचा क्रमांक चढवला जातो. आठवडाभर मुख्य संघाकडून धडका खाल्ल्यावर शुक्रवारी बाहेरगावच्या सामन्यासाठी संघ निघाला की ही मुले मागे राहतात, कारण परिषदा प्रवासी संघाची संख्या सुमारे ७० वर मर्यादित ठेवतात. शिकण्याचे वर्ष म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, त्यात स्वतःच्या संघाचे डाव शिकण्यापेक्षा दर आठवड्याला परक्या संघाचे डाव गिरवणेच अधिक असते, ही विसंगती प्रशिक्षकांच्या बोलण्यात क्वचितच येते.

१९७३ मध्ये शिष्यवृत्त्यांवर संख्येची मर्यादा आल्यावर या प्रथेला पक्के गणित मिळाले. तोपर्यंत श्रीमंत विद्यापीठे हवे तितके खेळाडू घेत आणि त्यांतील काहींना केवळ प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत म्हणून घेत. आता एकूण १०५ आणि वर्षाला ३० नवे, अशी हद्द पडली. १९७८ मध्ये एकूण संख्या ९५ झाली आणि १९९४ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ८५ वर आली. जागा मोजक्या झाल्यावर राखलेले वर्ष दुधारी ठरले. बसून राहिलेला खेळाडू ८५ पैकी एक जागा अडवे, म्हणून ज्याच्या अंगणात दरवर्षी तयार खेळाडू येऊन उभे राहत त्या विद्यापीठाला तो परवडत नसे. पण ज्याला दुय्यम दर्जाचे, कच्चे, वाढीच्या वयातले खेळाडूच मिळत, त्या विद्यापीठाला विसाव्या वर्षीच्या मुलाऐवजी तेविसाव्या वर्षीचा माणूस मैदानात उतरवता येई. कमी लोकवस्तीच्या, खेळाडूंच्या मोठ्या बाजारांपासून दूर असलेल्या राज्यांत रेडशर्टवर अधिक भिस्त राहिली, ती म्हणूनच. त्या विद्यापीठांच्या तोंडी संयमाची जी भाषा असते, तिच्यामागे हाताशी दुसरे काही नसणे हेही कारण आहे.

याच काळात वर्ष मागे ठेवण्याचा आणखी एक, अधिक कठोर प्रकार आला. १९८३ मध्ये मंजूर होऊन १९८६ पासून अमलात आलेल्या ‘प्रपोझिशन ४८’ या नियमाने शालेय गुणांची आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेत ७०० गुणांची किमान अट घातली. ती न पाळणाऱ्याला पहिल्या वर्षी सामने तर नाहीतच, सरावही बंद, आणि वर एक हंगाम कायमचा वजा. रेडशर्टमध्ये वर्ष राखले जाते, येथे ते जप्त होत होते. याचा फटका कृष्णवर्णीय खेळाडूंना विषम प्रमाणात बसला आणि त्यावरून दशकभर वाद पेटला. अभ्यासासाठी पहिले वर्ष मोकळे हवे, ही १९०६ ची भूमिका या नियमाने एका अर्थी परत आणली, पण ती सर्वांना लागू न करता दुर्बळ शाळांतून आलेल्यांपुरती आणली, आणि तेथेच तिचा नैतिक पाया ढासळला.

प्रतिभावान खेळाडूबाबतचा निर्णय मात्र महाविद्यालयांच्या नियमांनी जितका ठरवला, त्याहून अधिक व्यावसायिक संघांच्या नियमांनी ठरवला. नोव्हेंबर १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज आपला शेवटचा महाविद्यालयीन सामना खेळून पाचच दिवसांत शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघातर्फे मैदानात उतरला, तेव्हा उठलेल्या ओरडीनंतर नॅशनल फुटबॉल लीगने ठरवले की ज्या वर्गाबरोबर खेळाडू दाखल झाला, तो वर्ग पदवीधर होईपर्यंत त्याला घ्यायचे नाही. १९९० मध्ये ही अट शाळा सोडल्यापासून तीन वर्षे इतकी सैल झाली. ओहायो स्टेटला प्रथम वर्षीच राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या मॉरिस क्लॅरेटने तिला न्यायालयात आव्हान दिले. २००४ च्या फेब्रुवारीत तो जिंकला आणि मे महिन्यात अपील न्यायालयात हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

या तीन वर्षांच्या अटीने रेडशर्टचे सारे अंकगणित बिघडवले. घड्याळ शाळा सोडल्यापासून चालते, खेळू लागल्यापासून नाही. जॉनी मॅन्झेलला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०११ मध्ये मागे ठेवले; २०१२ मध्ये त्याने अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला त्यांच्याच मैदानावर २९–२४ असे हरवले आणि हाइझमन करंडक मिळवणारा तो पहिला फ्रेशमन ठरला, कारण रेडशर्टनंतरचे वर्ष खेळाच्या हिशेबात पहिलेच धरले जाते. पुढल्याच वर्षी फ्लोरिडा स्टेटच्या जेमिस विन्स्टननेही तेच साधले. दोघांची नावे ‘थांबल्याने फायदा होतो’ याचा पुरावा म्हणून हमखास घेतली जातात. परंतु दोघेही केवळ दोन हंगाम खेळून व्यावसायिक लीगमध्ये गेले. ज्या चौथ्या हंगामासाठी ते वर्ष राखले, तो विद्यापीठांच्या पदरात कधीच पडला नाही. उलट टेनेसी विद्यापीठात १९९४ साली, आधीचा मुख्य क्वार्टरबॅक हीथ शूलर याच्यामागे दीर्घकाळ थांबलेला जेरी कोल्क्विट पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, त्याच्या जागी आलेला टॉड हेल्टन, जो पुढे बेसबॉलमध्ये नावारूपाला आला, तोही काही आठवड्यांत दुखापतीने बाहेर गेला, आणि प्रथम वर्षाच्या पेटन मॅनिंगला नाइलाजाने उभे करावे लागले. तो चारही वर्षे राहिला आणि १९९८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिला उचलला गेला. ज्याची प्रतिभा निर्विवाद आहे त्याला राखून ठेवणे म्हणजे बहुधा दुसऱ्यासाठी राखणे. आणि ज्याच्या बाबतीत राखणे फळते, तो मिशिगनने १९९५ मध्ये मागे ठेवलेल्या टॉम ब्रॅडीसारखा असतो, ज्याला पाच वर्षांनंतरही १९९ व्या क्रमांकावर उचलले गेले आणि ज्याची थोरवी त्या वेळी कोणालाच दिसली नव्हती.

२०१८ पर्यंत नियमाची धार तीक्ष्ण होती. हंगामात एका डावासाठी जरी खेळाडू मैदानात गेला तरी, दुखापतीचा अपवाद सोडल्यास, त्याचे वर्ष खर्ची पडे. यालाच ‘रेडशर्ट जाळणे’ म्हणत, आणि नोव्हेंबरमध्ये दुखापतींनी हैराण झालेला प्रशिक्षक दहा आठवडे जपलेले एखादे वर्ष अखेरच्या दोन सामन्यांसाठी जाळून टाकी. जून २०१८ मध्ये एनसीएएने हंगामातील कोणतेही चार सामने खेळूनही वर्ष शाबूत राहील असे ठरवले. सवलत नवख्यांसाठी होती, पण तिचा पहिला गाजलेला वापर एका शेवटच्या वर्षाच्या खेळाडूने केला. क्लेमसन विद्यापीठात आदल्या हंगामात मुख्य क्वार्टरबॅक असलेल्या केली ब्रायंटची जागा सप्टेंबरअखेर प्रथम वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला देण्यात आली. ब्रायंटचे नेमके चार सामने झाले होते. त्याने संघ सोडला, वर्ष वाचवले आणि पुढल्या वर्षी मिझुरीकडून खेळला. त्याच आठवड्यात सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स जायबंदी झाला आणि तिसऱ्या फळीतल्या चेस ब्राइसने कसाबसा २७–२३ असा सामना वाचवला. जानेवारीत क्लेमसनने अलाबामाला ४४–१६ असे लोळवून विजेतेपद घेतले. एका मोसमात एका नवख्याला न थांबवण्याचा लाभ आणि अनुभवी माणूस हातचा घालवण्याची जोखीम, दोन्ही इतक्या उघडपणे क्वचित दिसतात.

त्यानंतरचे बदल इतक्या वेगाने आले की प्रथेचे मूळ आधारच सुटत गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंदवही, म्हणजे ‘ट्रान्स्फर पोर्टल’, सुरू झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये एकदा विद्यापीठ बदलल्यास बाहेर बसावे लागण्याची जुनी अट गेली, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. महामारीमुळे २०२० चा हंगाम कोणाच्याच खात्यात धरला गेला नाही, त्यामुळे सहाव्या वर्षीचे खेळाडू ही नित्याची गोष्ट झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगास शाखेचा क्वार्टरबॅक तीन सामने जिंकून दिल्यावर पैशाच्या आश्वासनावरून वाद होऊन निघून गेला, आणि जाताना चार सामन्यांच्या नियमाखाली आपले वर्ष बरोबर घेऊन गेला. ज्या कच्च्या, होतकरू मुलासाठी ही सवलत १९३७ पासून चालत आली, तो या व्यवहारात कोठेच नव्हता.

प्रशिक्षकाच्या बाजूनेही हिशेब पालटला आहे. आघाडीच्या फळीतल्या मुलाला दोन वर्षे पोसून, वजन वाढवून तयार करावे आणि तिसऱ्या वर्षी तो अधिक पैसे देणाऱ्या विद्यापीठात जावा, यापेक्षा दुसऱ्याने तयार केलेला बावीस वर्षांचा गडी पोर्टलमधून आणणे सोयीचे ठरते. मोठी विद्यापीठे तेच करतात आणि लहान विद्यापीठांची राखीव वर्षे त्यांच्या कामी येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आणि फुटबॉलमधील ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघसंख्येचीच मर्यादा आली, ती पुन्हा १०५. १९७३ चा आकडा फिरून आला असला तरी त्याचा अर्थ निराळा आहे : तेव्हा १०५ शिष्यवृत्त्यांबाहेर स्वखर्चाने सराव करणाऱ्या मुलांना अटकाव नव्हता, आता १०६ व्या माणसाला संघातच जागा नाही, म्हणजे विनाशिष्यवृत्ती येऊन, दोन-तीन वर्षे थांबून, शेवटी मैदानात उतरणाऱ्या खेळाडूची वाट अरुंद झाली आहे.

पात्रतेची वर्षे मोजण्याचा अधिकारही आता एनसीएएच्या एकटीच्या हाती राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया याच्या दाव्यात संघीय न्यायाधीशांनी दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयात खेळलेले हंगाम त्याच्याविरुद्ध मोजण्यास मनाई केली, कारण आणखी एक हंगाम खेळणे म्हणजे आता आणखी एका वर्षाची कमाई. त्यामागोमाग देशभरातील न्यायालयांत तशाच दाव्यांची रीघ लागली. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, असा प्रस्ताव यातूनच चर्चेत आला आहे. तो अमलात आल्यास राखण्याजोगे वर्षच शिल्लक राहणार नाही, आणि नवख्या खेळाडूला बाकावर बसवणाऱ्या प्रशिक्षकाला त्या बसवण्याच्या बदल्यात पुढे काहीही मिळणार नाही.